परदेशात पाश्चात्त्य वाद्य शिकायला जायचंय, पण पैसे कुठून आणायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी लेक जर्मनीतल्या एका म्युझिकहोखशूलेत, म्हणजे संगीताच्या सरकारी विद्यापीठात, व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) शिकते. ती गेल्यापासून मला आठवड्याला एक-दोन फोन येतातच. कुणाचा मुलगा चेलो वाजवतो, कुणाची भाची पियानोच्या परीक्षांत आठव्या ग्रेडला आहे, आणि प्रश्न सगळ्यांचे तेच. दरवेळी तेच ते बोलून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवलंय. मी सीए नाही आणि एजंटही नाही. हे सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर वह्या पसरून शिकलेलं आहे. आकडे दरवर्षी हलतात, त्यामुळे अर्ज करताना ताजे बघून घ्या.

सगळे मिळून खर्च तरी किती येतो?

यालाच सगळे आधी हात घालतात आणि इथेच फसतात. "परदेशात" असा एक आकडा नसतोच. एकाच दर्जाचं शिक्षण एका देशात फुकट आणि शेजारच्या देशात दीड कोटीला मिळतं.

लंडन घ्या. रॉयल अकॅडमी, रॉयल कॉलेज, गिल्डहॉल ही नावं आपल्याकडे ग्रेडच्या परीक्षांमुळे घरोघरी माहीत. पण तिथे परदेशी विद्यार्थ्याची वर्षाची फी तीस हजार पौंडांच्या आसपास जाते आणि पदवी चार वर्षांची. राहण्याखाण्यासाठी व्हिसाला दाखवावे लागणारे पैसे वेगळे. लंडनसाठी महिना साधारण दीड हजार पौंड, असे नऊ महिन्यांचे. त्यावर आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम, व्हिसाचा अर्ज करतानाच.

जर्मनीत सरकारी होखशूलेत बहुतेक राज्यांत फीच नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य युरोपीय संघाबाहेरच्या मुलांकडून सत्राला १,५०० युरो घेतं (श्टुटगार्ट, फ्रायबुर्ग, मानहाइम, कार्ल्सरूह, ट्रोसिंगेन ही संगीतविद्यालयं त्याच राज्यात, हे आधी बघून घ्या). बाकी बहुतेक ठिकाणी सत्रामागे शंभर ते चारशे युरो वर्गणी, आणि त्यात बऱ्याचदा बस-ट्रामचा पास येतो. ऑस्ट्रियात सरकारी विद्यापीठात सत्राला ७२६.७२ युरो. व्हिएन्नाचं संगीत विद्यापीठही याच दरात. मुंबईचे झुबिन मेहता १९५४ साली, अठराव्या वर्षी, शिकायला गेले ते त्याच शहरात.

अमेरिकेत दोन्ही टोकं आहेत. फिलाडेल्फियाचं कर्टिस इन्स्टिट्यूट १९२८ पासून कुणाकडूनच शिकवणीची फी घेत नाही. लॉस एंजेलिसचं कोलबर्न कॉन्झर्व्हेटरी राहण्याजेवण्यासकट सांभाळतं. येल स्कूल ऑफ म्युझिकमध्ये २००५ साली मिळालेल्या दहा कोटी डॉलरच्या देणगीमुळे फी नाही, पण तिथे पदवीनंतरच जाता येतं. या तिन्ही ठिकाणी जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि जगभरातली मुलं त्यांच्यासाठी टपलेली असतात. बाकीच्या खासगी संस्थांची फी ऐकून मी फोन टेबलावर ठेवला होता.

माझं मत स्पष्ट सांगते. वीस लाख गोळा करायला दोन वर्षं लागतात. वीस लाख कमी लागतील असा देश शोधायला एक रविवार पुरतो.

पण लंडनच्या कॉलेजने पन्नास टक्के शिष्यवृत्ती देऊ केली आहे. ती सोडायची?

पन्नास टक्के ऐकलं की घरात पेढे वाटले जातात. जरा कॅल्क्युलेटर घ्या. फीच्या अर्धे पंधरा हजार पौंड, अधिक लंडनचं राहणं, गुणिले चार वर्षं. उरलेला आकडा जर्मनीतल्या विनाशिष्यवृत्तीच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठा निघतो. शिष्यवृत्ती किती मिळाली हे विचारू नका, खिशातून किती जाणार ते विचारा. आणखी एक: ती चारही वर्षं मिळणार की पहिल्याच वर्षाला, आणि फी वाढली तर शिष्यवृत्ती वाढणार का, हे लेखी घ्या.

हे सगळं करूनही लंडनमधला एखादा गुरूच हवा असेल तर जा. वाद्यात शाळेपेक्षा शिक्षक मोठा, हे खरंच आहे. फक्त ते डोळे उघडे ठेवून करा.

जर्मनीत फी नाही, मग पैसे लागतात कशाला?

जगायला. व्हिसासाठी बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. त्यातून दर महिन्याला ९९२ युरोच हातात येतात. शंभर रुपयांना एक युरो धरला तर जवळपास बारा लाख, आणि तेही जाण्याआधी, एकरकमी. आमच्या घरात "बारा लाख" हा शब्द वर्षभर इतक्यांदा उच्चारला गेला की सासूबाई त्याला "तो बारावा" म्हणायला लागल्या.

महिन्याच्या खर्चात खोलीचं भाडं सगळ्यात मोठं. विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा दीडशे युरोच्या आसपास. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. पहिलं पत्र आलं तेव्हा लेकीला ती फसवणूकच वाटली होती. ही वर्गणी घरामागे एक असते, त्यामुळे चौघं एकत्र राहत असतील तर चौघांत वाटली जाते.

आणि वाद्यवाल्यांचा स्वतःचा खर्च. व्हायोलाच्या तारांचा बरा संच आठ-दहा हजारांचा. गजाचे केस वर्षातून एक-दोनदा बदलायचे. पहिल्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने लेकीच्या व्हायोलाच्या वरच्या फळीचा सांधा सुटला. पुण्याच्या पावसाळ्यात फुगलेलं लाकूड ते, त्याला डिसेंबरातली जर्मन खोली कशी सोसणार! दुरुस्तीला १८० युरो गेले. आता वाद्याच्या केसमध्ये, म्हणजे पेटीत, ओलावा धरून ठेवणारी नळी असते, बारा युरोची. ती आधी घेतली असती तर.

प्रवेश मिळायच्या आधी किती खर्च होतो? तो कुणी सांगतच नाही.

बरोबर, हाच छुपा खर्च. लोक शिष्यवृत्तीच्या मागे असतात आणि इथेच दोन-तीन लाख उडून जातात.

जर्मन भाषा पहिली. पदवीसाठी बहुतेक ठिकाणी बी१ किंवा बी२ ही मधली पातळी लागते. मॅक्स म्युलर भवनात किंवा बाहेर, शून्यापासून तिथवर जायला दीड-दोन वर्षं धरा. मग अर्जाचं आणि ऑडिशनचं शुल्क. ब्रिटनमध्ये यूकास कॉन्झर्व्हेटॉयर्समधून एका अर्जात सहा संस्था निवडता येतात, पण ऑडिशनचं शुल्क प्रत्येक संस्थेचं वेगळं. आणि त्याची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपते, जवळजवळ वर्षभर आधी. गणपती उठले की लोक जागे होतात, तोवर उशीर झालेला असतो.

ऑडिशनचं रेकॉर्डिंग हा एक स्वतंत्र अध्याय. प्रत्येक रचना सलग, मध्ये कापाकापी नाही, हात आणि गज दिसले पाहिजेत, पियानोची साथ हवी. साथीदाराला तासावर मानधन, सरावासकट. आम्ही मे महिन्यात भर दुपारी पंखे बंद करून रेकॉर्डिंग केलं, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये येते. पहिल्या टेकला कोकीळ. दुसऱ्याला समोरच्या घरातला कुकर. चौथ्याला भंगारवाला. सहावा टेक इतका सुंदर चालला होता की मी श्वास धरून बसले होते, आणि शेवटच्या आठ मात्रांवर घामाने तिचं बोट तारेवरून घसरलं. नववा पाठवला. शेवटी एका शाळेचं सभागृह रविवारी तीन तासांसाठी भाड्याने घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं.

जर्मनीत मुख्य परीक्षा बहुतेक समोरासमोरच होते. म्हणजे विमान, शेंगेन व्हिसा, दोन-तीन आठवडे राहणं. तीन-चार शहरांच्या तारखा एका फेरीत बसवा. आम्हाला पहिल्या वर्षी चारही ठिकाणी नकार आला. वादनात नाही, दोन ठिकाणी ती स्वरलेखनात आणि कानाच्या परीक्षेत अडकली. वाजवलेला सुरावटीचा तुकडा ऐकून कागदावर उतरवायचा असतो, आणि आपल्याकडे ग्रेडच्या तयारीत याला दुय्यम स्थान. तो सगळा खर्च दुसऱ्यांदा करावा लागला. त्यामुळे माझा सल्ला: पहिली लाखभराची देणगी मिळाली तर ती बंद खात्यात टाकू नका. कानाच्या आणि थिअरीच्या शिकवणीवर घाला.

भारतातल्या कुठल्या शिष्यवृत्त्या मिळतात?

बारावीनंतर लगेच पदवीसाठी जाणाऱ्याला फारच थोड्या. हे कटू आहे, पण आधीच कळलेलं बरं. मोठी नावं जवळजवळ सगळी पदव्युत्तर शिक्षणासाठी आहेत. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जरूपाने मदत देतं, त्याला आधी पदवी लागते. के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्तीही पदवीनंतरची. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट कला आणि वारसा क्षेत्रातल्या भारतीयांना ब्रिटनसाठी मदत करतो, पण त्याचा रोख आधीच काही काम केलेल्यांकडे असतो. जर्मनीच्या डाड (डीएएडी) या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या संस्थेची संगीतासाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे, तीही पदवीधरांना. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना एमए आणि पीएचडीसाठी. तिला जागतिक क्रमवारीची अट आहे, आणि संगीताच्या स्वतंत्र संस्था त्या सर्वसाधारण क्रमवारीत बसतच नाहीत. अशा वेळी मोठ्या विद्यापीठातला संगीत विभाग शोधावा लागतो.

म्हणून कित्येक जण पदवी इथेच करतात, वाद्य चालू ठेवतात आणि एमएला बाहेर पडतात. ते कमीपणाचं मुळीच नाही. अमेरिकेत तर एमएच्या पातळीवर ग्रॅज्युएट असिस्टंटशिप (विद्यापीठातच थोडं काम करायच्या बदल्यात मदत) मिळाली की फी माफ होते आणि वर महिन्याला थोडे पैसेही मिळतात. विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्राला बासून (एक फुंकवाद्य), व्हायोला, डबल बेस वाजवणारे हवेच असतात. व्हायोलिन आणि पियानोची रांग लांब, व्हायोलाची आखूड. आमच्या लेकीने चौदाव्या वर्षी व्हायोलिन सोडून व्हायोला धरला तेव्हा नातेवाईक हळहळले होते. तिचे सर मात्र एवढंच म्हणाले, "आता हिला कुणीतरी शोधत येईल."

पदवीला जाणाऱ्यांसाठी एक दार मात्र उघडं आहे: हंगेरी सरकारची स्टिपेंडियम हंगेरिकम. भारत त्यात सहभागी आहे. फी माफ, वसतिगृह किंवा भाड्याला हातभार, आणि महिन्याला तुटपुंजा भत्ता. त्या भत्त्यात भाजीपाला निघतो, तारा निघत नाहीत. बुडापेस्टची लिस्ट अकादमी सहभागी संस्थांत आहे. अर्ज साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत, आणि आपल्या शिक्षण मंत्रालयाकडेही वेगळा अर्ज करावा लागतो. दुसरा अर्ज विसरला तर पहिला वाया.

एकदा जर्मनीत पोचलं की डॉइचलांडस्टिपेंडियम आहे: महिना ३०० युरो, नागरिकत्वाची अट नाही. होखशूलेच त्यासाठी नावं निवडते. पण तो तिकडे गेल्यावरचा भाग, बारा लाखांच्या हिशेबात तो धरू नका.

गोव्यात राहत असाल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना बघा. बाकी शहरातले छोटे ट्रस्ट आणि ज्ञातीची मंडळं, जी पंचवीस हजार, पन्नास हजार देतात. त्यांच्या जाहिराती कुठेच नसतात. कार्यालयात जाऊन चहा प्यावा लागतो. मी अकरा ठिकाणी गेले, तीन ठिकाणी मिळाले.

बँक संगीतासाठी कर्ज देते का?

देते, पण बँकेला आधी समजावं लागतं. एका शाखेतले साहेब मला म्हणाले, "मॅडम, प्लेसमेंट किती टक्के?" मी म्हटलं, ऑर्केस्ट्रात बसते. ते म्हणाले, "म्हणजे लग्नात?" त्यांचा दोष नाही म्हणा, त्यांच्या फॉर्ममध्ये एमबीए, एमएस, एमबीबीएस एवढेच रकाने. दुसऱ्या बँकेत काम झालं, कारण मी यावेळी कागद नीट नेले: संस्था सरकारी असल्याचा पुरावा, प्रवेशपत्राचं भाषांतर, फी शून्य असल्याचं पत्र, आणि जर्मनीत पगारी ऑर्केस्ट्रा किती मोठ्या संख्येने आहेत याची एक पानी टिपण. फी शून्य असल्याने साहेब आणखी गोंधळले. मग कर्ज कशाला? राहण्याच्या खर्चासाठी, बंद खात्यासाठी. हे पहिल्याच वाक्यात सांगा.

साधारण नियम असा. चार लाखांपर्यंत तारण नाही. साडेसात लाखांपर्यंत जामीनदार चालतो, त्यापुढे घर, जमीन किंवा एफडी तारण. परदेशासाठी पंधरा टक्के वाटा आपला घालावा लागतो. शिक्षण संपेपर्यंत आणि वर काही महिने हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. तेवढं व्याज दर महिन्याला भरलंत तर शेवटचा डोंगर बराच उतरतो. जुन्या करप्रणालीत असाल तर व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, मुद्दलाची नाही. पूर्वी अल्पसंख्याक समाजांसाठी परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजसवलत होती, ती केंद्राने बंद केली आहे. अजून लोक तिच्या भरवशावर असतात.

घर तारण ठेवावं का, असं मला थेट विचारतात. एमएला, असिस्टंटशिप असेल आणि थोडीच तूट असेल, तर विचार करा. नुसत्या लंडनच्या पदवीसाठी राहतं घर ठेवू नका. वादक पहिल्या वर्षांत काय कमावतो ते मी रोज बघते.

सोसायटीत कार्यक्रम करून पैसे जमतात का?

जमतात, आणि मला हाच मार्ग सगळ्यात आवडला. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका शनिवारी संध्याकाळी तासाभराचा कार्यक्रम केला. सतरंज्या, मागे आजी-आजोबांसाठी खुर्च्या. तिकीट ठेवलं नाही, दाराशी एक टेबल आणि त्यावर माझी मावसबहीण आहेराची वही घेऊन बसलेली. लोक रुपया चिकटवलेली पाकिटं घेऊन आले. एकशे एक, पाचशे एक. एका पाकिटात एकवीस हजार होते आणि नाव नव्हतं. अक्षरावरून मी ओळखलं, पण कुणाला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी लेकीने बाखच्या सुइट्सपैकी एक वाजवला, मूळ चेलोसाठी लिहिलेला. लोक पंधरा मिनिटं चिडीचूप. मग तिने "काही विचारायचंय का?" म्हटलं आणि पहिल्याच आजोबांनी विचारलं, "व्हायोला म्हणजे मोठं व्हायोलिनच ना?" तिने दोन्ही वाद्यांवर एकच सूर वाजवून दाखवला. नंतर चहाच्या वेळी लोक त्याबद्दलच बोलत होते. एकसष्ट हजार जमले. हॉल फुकट, बटाटेवडे घरचे. नाट्यगृह भाड्याने घ्यायच्या भानगडीत पडलो असतो तर भाडं आणि परवाने भरताभरता हाती काही उरलं नसतं.

ऑनलाइन क्राउडफंडिंग करावं का?

करा, पण अनोळखी लोक देतील ही आशा सोडा. आपल्याकडे अशा साइटवर बहुतेक आवाहनं दवाखान्याची असतात. आमचं आवाहन बघून एका दूरच्या काकूंनी घाबरून फोन केला, "मुलगी बरी आहे ना?" एक लाख बारा हजार जमले आणि त्यातले नव्वद टक्के ओळखीचेच. मग साइटला शुल्क का द्यायचं, हाही प्रश्नच. फायदा एवढाच की "पाठवतो, पाठवतो" म्हणणाऱ्यांना एक दुवा पाठवता येतो.

मोठा आकडा लिहू नका. "चार वर्षांसाठी पन्नास लाख" वाचून माणूस पुढे जातो. "ऑडिशनच्या फेरीचं तिकीट" किंवा "पहिल्या वर्षाच्या तारा आणि गजाचे केस" असं लिहिलं की पाचशे रुपये देणाऱ्यालाही वाटतं, चला, एक तार माझी. आमच्या इमारतीतल्या एका मुलाने खाऊच्या पैशातून "सी तार" दिली. अजून विचारतो, तुटली का म्हणून.

लोकांनी दिलेल्या पैशांवर टॅक्स लागतो?

हा प्रश्न पैसे आल्यावर नका विचारू. जवळच्या नातेवाइकांकडून आलेली भेट करमुक्त. पण कायद्याचं नातं आणि आपलं नातं वेगळं. विद्यार्थ्याच्या दृष्टीने आई-वडील, आजी-आजोबा, सख्खी भावंडं, काका, मामा, आत्या, मावशी चालतात. चुलतभाऊ, मामेबहीण, शेजारी, वडिलांचे मित्र हे परके. अशा परक्यांकडून वर्षभरात मिळून पन्नास हजारांच्या वर आले तर सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते, नुसती वरची नाही.

म्हणून पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे ते आधी ठरवा. मुलगी अठरा वर्षांची असेल, तिचा पॅन असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर बऱ्याचदा तिच्या नावाने घेतलेलं बरं पडतं. विवरणपत्र मात्र भरून टाका. शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे, ती वेगळ्या कागदावर ठेवा. देणगीवर करसवलत मिळवून देणारी ८०जीची पावती मागणारे भेटतातच. व्यक्तीला ती देता येत नाही, स्पष्ट सांगा.

परदेशातले नातेवाईक आणि तिथल्या मंडळांचं काय? लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, अमेरिकेतही गावोगावी मंडळं आहेत. कार्यक्रम ठेवायला, राहायला घर द्यायला ही माणसं जिवाला जीव देतात. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भारतीय आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर परदेशी देणग्यांवर बंधनं घालणाऱ्या कायद्याने ती परदेशी देणगी ठरत नाही. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे, मग ओसीआय कार्ड का असेना, तो कायद्याने परदेशी. सख्ख्या भावंडाचं वेगळं. पण मंडळाच्या वर्गणीतून आलेले पैसे असतील तर आधी सीएकडे जा. सगळ्यात सोपं म्हणजे अशी मदत तिकडच्या तिकडे वस्तूंतून घ्यावी: खोलीची अनामत, सायकल, हिवाळी कोट.

पैसे बाहेर पाठवताना काही कापलं जातं का?

वर्षात दहा लाखांपर्यंत पाठवले तर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) नाही. त्याच्या वरच्या रकमेवर कापला जातो, आणि त्याचा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर तो लागत नाही. कापला गेलाच तर विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात, आणि बंद खात्याच्या वेळी नेमका एकेक रुपया मोजलेला असतो. मर्यादा पाठवणाऱ्याच्या पॅनमागे आहे, म्हणून आम्ही काही रक्कम ह्यांच्या आणि काही माझ्या खात्यातून पाठवली.

तिथे वाजवून कमावता येईल ना?

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या मुलांना सत्रात आठवड्याला वीस तास नोकरी करता येते, पण स्वयंरोजगार आणि व्यावसायिक कलाकार म्हणून काम करायला मनाई आहे. म्हणजे कॉफीच्या दुकानात कप धुता येतात, लग्नात चार वादकांच्या चौकडीत वाजवून मानधन घेता येत नाही. संगीताच्या विद्यार्थ्याला याहून उलटं काय असेल!

जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस नोकरी चालते. स्वतंत्र मानधनावर वाजवायचं असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची परवानगी लागते. लेकीने ती घेतली आहे. नाताळ आणि ईस्टरच्या आधी चर्चमध्ये ऑरेटोरिओ (गायनवृंद आणि ऑर्केस्ट्राच्या मोठ्या धार्मिक रचना) होतात, तेव्हा गावोगावच्या छोट्या ऑर्केस्ट्रांना व्हायोला कमी पडतात. अशा सुट्या कार्यक्रमांना तिथले वादक "मुगं" म्हणतात. तालीम आणि कार्यक्रम मिळून शंभर-दीडशे युरो सुटतात. पहिल्या वर्षी मात्र यातलं काहीच धरू नका.

सतार, बासरी, तबल्यासाठी हे लागू पडतं का?

थोडंफार. हॉलंडमध्ये रॉटरडॅमच्या कोडार्ट्समध्ये भारतीय संगीताचा विभाग उभा राहिला, पंडित हरिप्रसाद चौरसियांनी तिथे वर्षानुवर्षं शिकवलं. पण नेदरलँड्समध्ये युरोपाबाहेरच्यांना फी बरीच आहे. बासरी शिकायला मुंबईहून रॉटरडॅमला जायचं का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडते.

वाद्य विमानात कसं न्यायचं?

व्हायोलिन, व्हायोला केबिनमध्ये जातं, पण तिकीट काढतानाच विमान कंपनीला लिहून विचारा आणि उत्तराची छापील प्रत केसमध्ये ठेवा. चेलोला स्वतःचं तिकीट, खिडकीशेजारची जागा. गजाला हस्तिदंत किंवा कासवाचं कवच असेल तर संरक्षित प्राण्यांच्या नियमांत अडकाल, आधी तपासा.

महाग वाद्य घेऊन जाताना विमानतळावर कस्टमचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, नाहीतर सुट्टीत परत आणताना नवीन आणलं असं समजून जकात मागतील. खरेदीची पावती आणि आतल्या लेबलचा फोटो लागतो. आम्ही पहाटे अडीचला त्या खिडकीशी उभे होतो. साहेबांनी केस उघडून बघितली, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे व्हायोलिन ना?" लेक म्हणाली, "नाही, व्हायोला." त्यांनी मान डोलावली आणि रकान्यात लिहिलं: व्हायोलिन, मोठं, नग एक.